वेशभूषेला शून्य

परीक्षक होण्याचा अधिकार माणसाला कशाने प्राप्त होतो, हे मला आजवर कळलेलं नाही. आमच्या सोसायटीत तो पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्याने प्राप्त होतो. गणेशोत्सवातल्या मुलांच्या वेशभूषा स्पर्धेला मी असाच जाऊन टेकलो आणि सेक्रेटरींनी माझ्या हातात गुणांचा कागद आणि पेन्सिल ठेवली. विषय होता 'सिनेमातले सुपरहिरो'. शेजारी दुसऱ्या परीक्षक होत्या, एक निवृत्त शिक्षिका. त्यांनी बसल्याबसल्याच विचारलं, "पण सुपरहिरो म्हणायचं कुणाला?"

"ज्याच्या अंगात अचाट शक्ती असते त्याला," मी म्हणालो. तेवढ्यात बॅटमन आला. मागोमाग दुसरा आणि तिसरा. बॅटमनच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. आहे तो वडिलोपार्जित पैसा. बाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"बरं, मग मुखवटा," मी माघार घेतली. "मुखवटा आणि दुसरं नाव."

"म्हणजे 1935 सालची 'हंटरवाली'सुद्धा?" बाई म्हणाल्या. नाडियाबाई त्यात राजकन्या असून मुखवटा चढवतात आणि हंटर घेऊन दुष्टांचा समाचार घेतात. माझी हरकत नव्हती. पण मुखवट्याचीच अट घातली तर सुपरमॅन बाद होतो. तो बिचारा उघड्या तोंडाने हिंडतो आणि ओळखू येऊ नये म्हणून चष्मा लावतो, तोही ऑफिसात जाताना.

"दुर्जनांना मारतो तो," मी शेवटचं शस्त्र काढलं. ते तर आपल्या हिंदी सिनेमातला कुठलाही नायक करतो. वीस जणांना लोळवतो आणि भांग विस्कटत नाही.

इतक्यात माइकवरून नाव पुकारलं गेलं, "मिस्टर इंडिया!" आणि रंगमंचावर कुणीच आलं नाही. पुन्हा पुकारा झाला. मग पडद्यामागून बारीक आवाज आला, "मी इथेच उभा आहे. तुम्हांला दिसत नाही, त्याला मी काय करू?" मंडप हसून कोसळला. तिसऱ्या मजल्यावरचा नऊ-दहा वर्षांचा पोरगा होता तो. भाड्याच्या ड्रेसचे पैसे वाचवून त्याने जी कल्पना लढवली होती, ती तिन्ही बॅटमनांच्या एकत्रित डोक्यातून निघाली नसती.

पण त्याची धाकटी बहीण पुढेच सतरंजीवर बसली होती. दादाचा आवाज येतोय आणि दादा नाही, हे पाहून तिने भोकाड पसरलं. आवाज थांबला. पडदा हलला आणि मिस्टर इंडिया हाफ पँटमध्ये धावत बाहेर आले, खाली उतरले, तिला कडेवर घेतलं आणि "अगं, मी आहे ना" म्हणत तिचं नाक पुसू लागले. प्रयोग संपला.

"बाद!" सेक्रेटरी म्हणाले. "वेशभूषा स्पर्धेत वेश तरी हवा की नको?"

कागदावर खरोखरच वेशभूषेचा रकाना होता. पन्नासपैकी तीस गुण त्याचेच. मी शून्य घातलं. बाई काही म्हणणार होत्या, पण आरतीची वेळ झाली होती. मी सही केली. पहिला नंबर दिवे लावलेल्या बॅटमनला.

त्या रात्री झोप येईना. बाईंचा प्रश्न डोक्यात तसाच होता. अदृश्य होणं हीच शक्ती धरा. 1933 च्या 'द इन्व्हिजिबल मॅन'मधला शास्त्रज्ञ अदृश्य होतो, सत्तेच्या कैफात माणसं मारतो, आगगाडी रुळावरून खाली घालवतो. शेखर कपूरच्या 1987 सालच्या 'मिस्टर इंडिया'तला अरुण वर्माही अदृश्य होतो. त्याचं मनगटावरचं यंत्र काढून त्या शास्त्रज्ञाला दिलं, तरी तो शास्त्रज्ञ सुपरहिरो होणार नाही. म्हणजे मर्म यंत्रात नाही. अरुणच्या घरात अनाथ पोरांची पलटण आहे, भाडं थकलेलं आहे, आणि एवढी किमया हाती असून बॉम्बस्फोटात छोटी टीना जाते. तिला तो वाचवू शकत नाही.

मग एकेक आठवत गेले. 1978 च्या 'सुपरमॅन'मध्ये तरुण क्लार्कच्या डोळ्यांदेखत त्याला वाढवणारे वडील हृदयविकाराने कोसळतात. आगगाडीला मागे टाकणारा हा पोरगा काही करू शकत नाही. 2002 च्या 'स्पायडरमॅन'मध्ये पीटर पार्कर एका चोराला 'मला काय त्याचं' म्हणून जाऊ देतो, आणि तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो. बॅटमनचे आईवडील त्याच्यासमोर गोळ्या लागून पडतात. प्रत्येकाच्या खात्यावर एक जुनी बाकी आहे. ती फिटणारी नाही हे ठाऊक असून तो रोज रात्री उठून हप्ता भरायला निघतो. हिंदीतल्या वीस जणांना लोळवणाऱ्या नायकाचा हिशेब शेवटच्या रिळात चुकता होतो. खलनायक मेला की तो मोकळा. सुपरहिरो कधीच मोकळा होत नाही, म्हणून तर त्याचे पुढचे भाग निघतात! निर्माते त्याला धंदा म्हणत असतील, मी त्याला व्याख्या म्हणतो. शक्ती असणं हे भांडवल झालं. जे जमायला हवं होतं आणि जमलं नाही, ते न विसरणं हा सुपरहिरो.

इथवर आलो आणि अंथरुणात उठून बसलो. कारण त्या मंडपात अदृश्य राहिलं तर बक्षीस आणि दिसलं तर बाद, हे कळत असूनही एक पोरगा बहिणीसाठी दिसला होता. आणि शक्ती म्हणाल तर त्या संध्याकाळी ती फक्त एका माणसाकडे होती. त्याच्या हातात पेन्सिल होती. त्याने आरतीला उशीर नको म्हणून शून्य घातलं.

सकाळी जिन्यात तो पोरगा भेटला. "काका, किती मार्क दिले मला?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अरे, तू दिसलासच नाहीस नीट." तो मनापासून हसला. मला हसता आलं नाही.

तेव्हा बाकी माझ्याही खात्यावर आहे. पुढल्या वर्षी परीक्षक व्हायला मी आपण होऊन तयार असल्याचं सेक्रेटरींना कळवलं आहे. विषय 'फळे आणि भाज्या' ठेवणार आहेत म्हणे.