बोलीचे मौन : ‘लामिका जेनिआले’मधील निवेदनभाषा

एलेना फेर्रान्ते या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची ‘लामिका जेनिआले’ ही इटालियन कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. चार भागांच्या कथामालेचा हा पहिला भाग होय. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नेपल्समधील एका दरिद्री वस्तीत वाढणाऱ्या लेनू आणि लिला या दोन मुलींच्या मैत्रीची ही कथा आहे. वस्तीतील माणसे नेपल्सची बोली बोलतात. परंतु ती बोली कादंबरीत जवळजवळ ऐकूच येत नाही. अमुक पात्र बोलीत ओरडले, अमुक इटालियनमध्ये बोलले, एवढे लेनू निवेदनात नोंदवते. शब्द मात्र बहुधा प्रमाण इटालियनचेच असतात.

मराठी वाचकाला ही रीत चमत्कारिक वाटणे शक्य आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) संवाद वऱ्हाडीत येतात, भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’त (१९६५) तर निवेदनच नाक्यावरच्या भाषेत चालते. त्या मानाने फेर्रान्तेचे चित्रण वास्तवाला उणे पडते, असा आक्षेप संभवतो. परंतु निवेदन कोण करते, याचा विचार या आक्षेपात राहून जातो.

लेनू ही नगरपालिकेतील शिपायाची मुलगी. लिलाचा बाप जोडे दुरुस्त करणारा. प्राथमिक शाळेनंतर बाईंच्या आग्रहामुळे लेनूचे शिक्षण चालू राहते. लिलाच्या शिक्षणावरून घरात भांडण पेटते, बाप तिला खिडकीतून बाहेर फेकतो आणि तिचा हात मोडतो. लेनूच्या नितळ प्रमाणभाषेचा उगम या वियोगात आहे. ती भाषा म्हणजे एकीला मिळालेली आणि दुसरीला नाकारलेली शाळाच होय.

मात्र त्या भाषेवर लेनूची एकटीची मालकी नाही. शाळेबाहेर राहिलेली लिला स्वतःच लॅटिन शिकते आणि वाक्यात आधी क्रियापद शोधावे, त्यावरून कर्ता ओळखावा, हे लेनूला समजावते. पुढे इस्किया बेटावर लेनूला लिलाचे दीर्घ पत्र येते. त्यातील लेखन बोलण्याइतके जिवंत, परंतु बोलण्यातील पसाऱ्यापासून मुक्त असते. त्यापुढे लेनूला स्वतःचे लेखन कृत्रिम वाटते. म्हणजे लेनूच्या निवेदनाचा आदर्श मुळात लिलाचाच आहे. बोली लिहून दाखविली असती, तर वस्तीला स्थानिक रंग चढला असता. परंतु मैत्रिणीच्या देणगीवर उभी राहिलेली भाषाच मैत्रिणीच्या जगापासून दूर नेते, हा पेच झाकला गेला असता. सोळाव्या वर्षी होणाऱ्या लिलाच्या विवाहसमारंभात हा पेच पूर्णत्वास जातो. बाईंनी पूर्वी तुच्छतेने उल्लेखिलेला हलका समाज म्हणजे आपलीच माणसे, हे लेनूला तेथे उमगते. आणि ते ओळखणारी दृष्टी तिला शाळेनेच दिलेली असते.

या पद्धतीची किंमतही आहे. बोलीचा निर्देश प्रामुख्याने राग, शिवी आणि धमकी यांच्या संदर्भात येत असल्याने तिच्यातील माया व विनोद वाचकापर्यंत क्वचितच पोहोचतात. ही उणीव लेखिकेची म्हणावी की शिकलेल्या लेनूच्या कानाची, याचा निर्णय कादंबरी देत नाही. आणि तिच्या भाषिक अभ्यासाला येथूनच आरंभ व्हावयास हवा.