दोष असलेली आणि तरीही आपली वाटणारी माणसं

र. वा. दिघे (१८९६–१९८०) पेशाने वकील, पण रमले खोपोलीच्या मातीत. 'पाणकळा', 'सराई', 'पड रे पाण्या' या नावांनाच खालापूर-कर्जतच्या भातखाचरांचा वास आहे. शेतकरी आणि रानातला माणूस त्यांनी कादंबरीचा नायक केला, हे ऋण मोठं. पण त्यांची माया इतकी उतू जाते की नायकाच्या हातून खरोखर वाईट असं फारसं घडतच नाही. तो शूर असतो, रांगडा असतो. मला मात्र त्याची काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती व्यंकटेश माडगूळकरांच्या आनंदा रामोशाची. 'बनगरवाडी'तला (१९५५) हा माणूस चोर आहे. माडगूळकर त्याची चोरी लपवत नाहीत, तिच्यावर प्रवचनही देत नाहीत. पुलंचा अंतू बर्वा कुणाबद्दल बरं बोलत नाही. घरात वीज घेतली तर उजेडात आपलं दारिद्र्यच दिसेल, असं म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा खवचटपणा कशावर पोसला आहे, ते त्या एका बोलण्यात कळतं. मात्र त्यामुळे तो गोड होत नाही.

हल्ली नेमकं हेच हरवत चाललंय. कर्जतच्या एन. डी. स्टुडिओत (२००५) ऐतिहासिक मालिकांचे देखणे दरबार उभे राहिले, पण मराठी मालिकांच्या नायकाला साधी चूक करायलाही फुरसत नसते. सध्याच्या बऱ्याच कथांमध्ये दुसरी पळवाट दिसते. पात्राने कुणाला दुखावलं की पुढच्याच पानावर त्याचं करपलेलं बालपण हजर. दोष दाखवला आणि लगेच माफही केला! ज्याला त्या दोषाची झळ बसली, त्याच्याकडे लेखक वळूनही बघत नाही.

नागराज मंजुळे वळून बघतात. 'सैराट'मध्ये (२०१६) हैदराबादला संशयाने पेटलेला परश्या आर्चीला थप्पड मारतो. आपण इतका वेळ ज्याच्यावर जीव लावला, तोच हा मुलगा. कॅमेरा त्याची बाजू मांडत बसत नाही; आर्ची निघून जाते, गाडीत बसते. ती परत येते तेव्हा परश्या आपल्याला पुन्हा हवासा वाटतो, पण ती थप्पड विसरता येत नाही. अशी जागा लिहायला धाडस लागतं, आणि पात्रावर विश्वासही.

कर्जत परिसरात असं पात्र आज लेखकाची वाट बघतंय. फार्महाऊससाठी जमिनी मिळवून देणारा गावातलाच तरुण एजंट घ्या. चुलत्याला गोड बोलून सातबारा मोकळा करून घेणारा, आणि त्याच कमिशनमधून चुलतबहिणीची नर्सिंगची फी भरणारा. तो खलनायक नाही आणि परिस्थितीचा बळीही नाही. त्याच्यावर लिहिणाऱ्याने फीची पावती जरूर दाखवावी, पण चुलत्याच्या ओटीवरही बसावं. खाचर गेल्यावर पहिल्या पावसात तो म्हातारा सकाळी उठून काय करतो, तेही पानावर आलं पाहिजे.