निमंत्रण, दवंडी आणि एक नकार

आजचा विषय वरवर साधा आहे. माणसांना एकत्र बोलावण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत, ते आज आपण जरा थांबून वाचायचे. वापरून वापरून ते इतके गुळगुळीत झालेत की कानावरून नुसते घरंगळतात. लग्नपत्रिका हातात आली की आपण तारीख बघतो, कार्यालयाचा पत्ता बघतो; मधला मजकूर कोण वाचतो? आम्हाला मात्र त्या मधल्या मजकुरातच रस आहे. कारण बोलावण्याच्या प्रत्येक शब्दात दोन प्रश्न असतात. ज्याला बोलावलं, त्याला 'येत नाही' म्हणता येतं का? आणि ज्याला त्या शब्दात धरलंच नाही, त्याचं काय?

पहिला प्रश्न फार जुना आहे. पाणिनीच्या व्याकरणात क्रियापदाच्या विध्यर्थी रूपांबद्दल एक सूत्र आहे, त्यात निमंत्रण आणि आमंत्रण हे शब्द शेजारीशेजारी येतात. टीकाकारांनी फरक सांगितला तो असा: निमंत्रण टाळलं तर दोष लागतो, आमंत्रणाला यायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. श्राद्धाला बोलावणं हे निमंत्रण. आजच्या मराठीत हा फरक उरलेला नाही आणि त्याबद्दल गळा काढायचं आम्हाला काही कारण दिसत नाही. फरकाची गरज मात्र संपली नाही, आणि ती भागवायला गावांनी स्वतःचे शब्द काढले. आमच्या मते ते संस्कृतापेक्षा नेमके आहेत.

'चूलबंद आवतण' घ्या. आवतण हे तोंडी, घरी येऊन द्यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारी, पोरंसोरं, आलागेला पाहुणा, सगळे जेवायला आमच्याकडे. याच्या उलट 'घरटी एक माणूस'. त्यातही मान आहे, पण मोजलेला. दोन शब्दांत किती जणांना हक्क आणि यजमानावर किती बोजा, हे सगळं येतं. छापील 'सहकुटुंब सहपरिवार' हा याच कुळातला शब्द, पण तो सरसकट सगळ्यांनाच छापतात, म्हणून त्याला वजन राहिलं नाही. पत्रिका आल्यावरही घरात कोणीतरी विचारतंच, "तोंडी सांगितलंय का?" आणि ते 'हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे' वाक्य! किती सोयीचं आहे बघा. येऊन सांगण्याचे कष्ट बोलावणाऱ्याचे वाचले, आणि 'समजण्याचं' काम बोलावलेल्याच्या गळ्यात पडलं. व्हॉट्सअॅपवर पत्रिका यायला लागली, त्याच्या कितीतरी आधीपासून ही युक्ती चालत आली आहे.

जाहीर बोलावण्यात 'आवाहन' हा शब्द फार चालतो. वर्तमानपत्रांत त्याचं हमखास 'आव्हान' होतं, म्हणजे लोकांना बोलावण्याऐवजी दंड थोपटून लढायलाच बोलावल्यासारखं. पण आवाहन मूळचं पूजेतलं. देवाला आवाहन करतात, आसन देतात, पाय धुवायला पाणी देतात आणि शेवटी विसर्जन करतात. पुढाऱ्यांनी यातलं फक्त आवाहन उचललं. सभा संपल्यावर लोकांना घरी पोचवायच्या गाड्या कधी निघणार, ते मात्र कोणी सांगत नाही. असो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दवंडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जुन्या चित्रपटातला गमतीदार माणूस येतो, आणि हे आम्हाला खटकतं. गावकीच्या व्यवस्थेत सांगावा नेणं, लोकांना चावडीवर बोलावून आणणं, मयताची बातमी परगावी पोचवणं, ही कामं महार वतनदारांवर लादलेली होती. ज्याच्या तोंडून गावाला 'चला' म्हटलं जायचं, त्याला त्या चावडीवर बरोबरीने बसता येत नव्हतं. म्हणजे बोलावण्याचा शब्द त्याच्या तोंडात होता, पण त्या शब्दात तो नव्हता. दवंडीवर कौतुकाने लिहिणारे आपले लेखक या गोष्टीला क्वचितच थांबतात.

शहरात हाच पेच नव्या शब्दांत आला. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा नियम वाखाणण्यासारखा होता: सभासद व्हायचं तर किमान ५० माणसांच्या सहीचं मुखत्यारपत्र आणायचं. आपण कोणाच्या वतीने बोलतो हे कागदावर दाखवायचं. आजच्या किती संस्था हे करतील? पण सही कोणाकडे मागायला जायचं, हे जाणारा ठरवणार. 'सार्वजनिक' शब्दातले सगळे जन त्या यादीत येऊ शकत नव्हते.

आणि मग १८८५ सालचं प्रकरण. मराठी ग्रंथकारांची सभा पुण्यात भरणार होती. आजच्या साहित्य संमेलनाच्या परंपरेत ती दुसरी धरतात. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावणं पाठवलं. त्यात काही खोट नव्हती, उलट ती उदारताच होती. 'गुलामगिरी' १८७३ सालीच प्रसिद्ध झाली होती, फुले ग्रंथकार होतेच. फुल्यांनी नकार कळवला. पत्राचा आशय असा की जे लोक माणसांचे हक्क सगळ्यांना मोकळेपणाने द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांचा आणि पुस्तकांचा आमच्याशी मेळ बसायचा नाही. आमची दुःखं त्यांच्या ग्रंथांत नाहीत.

या पत्राकडे बहुतेक वेळा सामाजिक बंडखोरीचा पुरावा म्हणून बघतात. तो आहेच. पण आम्ही त्याला मराठीतली निमंत्रणपत्रिकेची पहिली खरी समीक्षा मानतो. फुल्यांनी 'मराठी ग्रंथकार' हे दोन शब्द वाचले आणि विचारलं, यात कोण कोण धरलंय? मला एकट्याला मान मिळाल्याने, ज्यांच्यासाठी मी लिहितो ते आत येतात का? आमंत्रण मर्जीचं असतं, हा टीकाकारांचा नियम त्यांनी अक्षरशः पाळला. येत नाही म्हणाले, आणि का येत नाही ते लिहून दिलं. रुसून बसणं आणि कारण देऊन नाकारणं यात फार अंतर आहे. आज संमेलनांवर बहिष्कार घालणारे पुष्कळ भेटतात, पण बोलावण्याचे शब्द इतके बारकाईने वाचणारा विरळाच.

महाडला याची दुसरी बाजू दिसते. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तिथे भरलेल्या परिषदेचं नाव होतं 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. नाव बघा. ज्यांना कधी कोणत्याच सभेत धरलं नाही, त्यांना त्याच नावाने हाक. 'समस्त' नाही, 'तमाम' नाही, 'सार्वजनिक' तर नाहीच. आणि चवदार तळं? ते सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं. पण 'खुलं आहे' म्हणजे 'या' नव्हे. त्यातून एवढंच कळतं की अडवायचं नाही असं कागदावर ठरलंय. प्रत्यक्षात अडवणारे होतेच. २० मार्चला परिषदेतले लोक तळ्याकडे चालत गेले, ते कोणी बोलावलं म्हणून नाही.

पुढे १९५८ साली योगायोगाने तीन गोष्टी घडल्या. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा झाला, म्हणजे सक्तीच्या सांगाव्याला कायद्याचा आधार उरला नाही. मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटक अण्णा भाऊ साठे. आणि त्याच सालचा ग्रामपंचायत अधिनियम, ज्यात ग्रामसभा आहे. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतली प्रत्येक व्यक्ती. बोलावलेल्यांची इतकी स्पष्ट व्याख्या आधीच्या कुठल्याच शब्दात नव्हती. कोणाच्या मर्जीचा प्रश्नच नाही, यादीत नाव आहे म्हणजे बोलावलंय. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हीही तरतूद नंतर आली.

म्हणूनच फलकावरची नोटीस आम्ही जरा जास्तच कडक नजरेने वाचतो. 'सर्व ग्रामस्थांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' सर्वांनी की बहुसंख्येने? आणि उपस्थिती पुरली नाही तर 'गणपूर्तीअभावी तहकूब'. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे काही ठिकाणी पहिलं बोलावणं न येण्यासाठीच असतं, खरं काम दुसऱ्या दिवशी, मोजक्या माणसांत.

बऱ्याच गावांत २६ जानेवारीला ग्रामसभा होते. बीडच्या एखाद्या गावाचा विचार करा. दिवाळीनंतर गावातली कितीतरी जोडपी ऊसतोडीला गेलेली, कोणी सांगलीकडे, कोणी कोल्हापूरकडे, फडात कोयता चालू. नावं मतदारयादीत आहेत, नोटीस सात दिवस आधी फलकावर लागली आहे, नियमाप्रमाणे दवंडीही झाली आहे. ती बंद दारांवरून गेली.