वाहन आणि शरीरश्रम : अहिल्यानगरच्या संदर्भात एक चिकित्सा

नागरी प्रौढांच्या शरीरश्रमांचे मापन करताना कामावर पायी वा सायकलने जाणारे आणि मोटारवाहनाने जाणारे असे दोन वर्ग पाडून दुसऱ्या वर्गास निष्क्रिय गणण्याची पद्धत रूढ आहे. ही विभागणी सोयीची खरी; परंतु अहिल्यानगरसारख्या (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) मध्यम शहरास ती कितपत लागू पडते, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

या विषयातील आद्य संशोधन जेरी मॉरिस यांचे होय. १९५३ साली त्यांनी दाखवून दिले की, लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा सतत जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. येथे वाहन एकच होते. भेद होता तो हालचालीचा. पुढे १९५६ साली याच संशोधकांना असेही आढळले की, तरुण वयातही चालकांचे गणवेश कमरेस अधिक रुंद होते. बैठ्या कामाने मनुष्य स्थूल होतो, की स्थूल मनुष्य बैठे काम पत्करतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. वाहनाच्या निवडीविषयीही तो विचारावा लागतो.

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. आजही माळीवाडा वा तारकपूर स्थानकावरून सुप्याच्या कारखान्यात जाणारा उतारू दोन्ही टोकांस काही अंतर चालतो. दुचाकीस्वार मात्र दारापासून दारापर्यंत जातो. या दोघांस एकाच रकान्यात घालणे उचित नव्हे. २०११ च्या जनगणनेने शेती व घरगुती उद्योग यांबाहेरील कामकऱ्यांची बस आणि दुचाकी निरनिराळी नोंदली, हा तिचा गुण होय. परंतु प्रत्येकाचे एकच साधन नोंदल्याने बसपर्यंतची पायपीट अदृश्य झाली. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, प्रवास आणि विरंगुळा यांची पृथक् चौकशी करते. तथापि तिच्या मूळ रूपात सलग दहा मिनिटांखालील चालणे जमेस धरले जात नाही. त्याच संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांची शिफारस करताना दहा मिनिटांची ही अट काढून टाकली. मानदंड बदलला, परंतु मोजपट्टी जुनीच राहिली.

शिवाय, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत मोटारसायकलने जाणारा जोडारी दिवसभर उभ्याने श्रम करतो. कापडबाजारातील पेढीवर पायी जाणारा कारकून दिवसभर बसून असतो. केवळ प्रवास पाहिल्यास निष्कर्ष उलटा निघेल.

दुचाकीने चालणे कमी केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचा दोष बसच्या माथी मारल्यास, ज्या साधनामुळे नागरिकाचे थोडेफार चालणे टिकून आहे, त्याचीच उपेक्षा होईल. म्हणून पुढील पाहणीत वाहनाच्या नावासमवेत प्रवासाच्या दोन्ही टोकांस चालण्यात गेलेली मिनिटेही विचारली जावीत.