एक बार, मग धूर

बंदुकीचं कौतुक करायची मला जरा लाजच वाटते. पण एका संग्रहालयात काचेमागे ठेवलेली तोड्याची बंदूक पाहिली आणि पाय तिथून हलेनात. मुघल काळातल्या शिकारींमध्ये असायची तशीच ती होती. सडपातळ दस्ता, लांब नळी आणि एका वेळी एकच बार.

आधी नळी बघा. अशा उंची नळ्या ओतीव नसत. लोखंडाच्या पट्ट्या एका गजाभोवती पिळायच्या, तापवायच्या आणि ठोकून ठोकून सांधायच्या. नंतर आम्ल लावलं की पृष्ठभागावर पाण्यासारख्या लाटा उमटतात. या लाटा कुणी काढलेल्या नसतात, ते सांधकामच वर दिसत असतं. मजबुतीसाठी केलेलं कामच देखणं ठरावं, याहून मोठी दाद मी कारागिराला देऊ शकत नाही. मागच्या बाजूची सोन्याच्या तारेची कोफ्तगिरी मात्र मला मालकाच्या हौसेखातर केलेली वाटली.

आता यंत्रणा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती वात. ती हळूहळू धुमसत राहते. चाप दाबला की तिचं टोक कानातल्या रंजकाला टेकतं, तिथली ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. चाप आणि बार यांच्यामध्ये क्षणभराची पोकळी असते आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो. नळी बहुधा आतून गुळगुळीत, रायफलसारखे आटे नाहीत, म्हणून जनावराच्या जवळ जाणं भाग. चुकलात तर दारू, गोळी, गज, रंजक, सगळं पहिल्यापासून. तोवर हरीण नाहीसं होतं. वाघ असेल तर बहुधा तुम्ही.

आम्ही शुक्रवारी संध्याकाळी चुकीचा कोड चढवतो आणि दहा मिनिटांत मागे घेतो. त्यामुळे असं 'एकदाच' असलेलं हत्यार मला फार नैतिक वाटलं. एकच संधी आहे, म्हणजे माणूस विचार करूनच चाप ओढणार!

हे कौतुक टिकलं नाही. 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या 'संग्राम' नावाच्या लाडक्या बंदुकीची नोंद आहे. त्या एका बंदुकीनं 1,019 जनावरं मारली. एका वेळी एकच बार, तरी 1,019. बादशहाला थांबायची गरजच नव्हती, भरलेली दुसरी बंदूक हातात द्यायला माणसं होती. संयम बंदुकीत होता, तो तिच्या मालकाला मिळाला असं नाही.

आमच्या संभाजीनगरपासून शंभरेक किलोमीटरवर, अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेणीत, एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज घोडदळाच्या अधिकाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. तारीख 28 एप्रिल 1819. तो शिकारीला आला होता. त्या काळातली बंदूक म्हणजे चकमकीची, तोंडाकडून भरायची. तोड्याच्या बंदुकीची धाकटी बहीणच. नाव आपल्या डोक्याच्या वर आहे, कारण तेव्हा लेणीत कित्येक फूट मलबा साचला होता आणि तो त्यावर उभा होता.

आपण त्याच्या धाडसाची गोष्ट सांगतो आणि पुढे जातो. पण त्याच लेणीच्या भिंतीवर छद्दंत जातक रंगवलं आहे. राणीला सहा सुळ्यांच्या हत्तीचे सुळे हवे असतात. शिकारी विषारी बाण मारतो. हत्ती त्याला मारू शकतो, पण मारत नाही. उलट सुळे कापायला स्वतःच मदत करतो. तिथेही एकच नेम होता आणि तो अचूक लागला होता.

बंदूक बनवणाऱ्यानं नळीपर्यंतचं काम चोख केलं. नळीच्या पुढे काय होतं, ते या चित्रकारांनी दोन हजार वर्षांपूर्वी रंगवलं. मी पुन्हा संग्रहालयात जाईन. शिकारीवर 1972च्या कायद्यानं बंदी आली, आता ती बंदूक काचेमागेच राहणार आणि पिळाच्या लाटा मला परत बघायच्या आहेत. पण लेणीतलं ते चित्र आता त्या काचेत दिसत राहणार. सुळे राजवाड्यात पोचले आहेत आणि ते बघून राणी कोसळली आहे.