काजळी कुठे आणि किती

अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनांत गर्दी जमते ती मोठ्या, देखण्या इंजिनांभोवती. कारागिरी पाहायची असेल तर मात्र यार्डात डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या डिझेल शंटिंग इंजिनांकडे वळावे. मेन लाइनवरची गाडी समोरून दोन क्षणांत निघून जाते. शंटिंग इंजिन डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर तासभर पुढे-मागे करत राहते. एचओ प्रमाणात, म्हणजे मुळाच्या ८७व्या हिश्श्यात, ईएमडी कंपनीचे एसडब्ल्यू-९ इंजिन जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटर लांब भरते. एवढ्याशा अंगावर चूक लपत नाही.

एक काळ अ‍ॅथर्न कंपनीच्या निळ्या खोक्यांचा होता. आतले इंजिन स्वस्त आणि चिवट, पण पकडदांड्या प्लॅस्टिकच्या अंगातच उठवलेल्या. हौशी माणूस त्या ब्लेडने खरवडून काढी, हातड्रिलने केसाएवढी भोके पाडी आणि तारेच्या दांड्या बसवी. घंटा, भोंगे, दिवे वेगळे विकत मिळत. त्या कामाचे कौतुक अजूनही होते, पण मापाचा हिशेब फारसे कोणी करत नाही. खऱ्या इंजिनावरची पाऊण इंची दांडी या प्रमाणात ०.२२ मिलिमीटर जाडीची होते. वापरली जाणारी तार बहुधा ०.३ मिलिमीटरची. म्हणजे ज्या नाजूकपणाला दाद मिळे, तोही मुळापेक्षा जाडच होता.

लाइफ-लाइक कंपनीच्या प्रोटो २००० मालिकेनंतर वारे बदलले. आज रॅपिडो कंपनीचे इंजिन किंवा अ‍ॅथर्नची जेनेसिस मालिका घ्या: दांड्या, होजपाइप, त्या त्या रेल्वेचे दिवे आणि भोंगे कारखान्यातूनच लागून येतात. जे राहते ते थ्रीडी प्रिंटिंगने घरी करता येते. मग हाताला काम काय उरले? माझ्या मते खरे काम आता सुरू झाले आहे, आणि ते हातापेक्षा डोक्याचे आहे.

उदाहरणार्थ, शंटिंग इंजिनाच्या दोन्ही टोकांना, कपलिंगच्या खालच्या बाजूला, कामगार उभे राहत ते फूटबोर्ड. त्यावरून घसरून माणसे चाकाखाली जात, म्हणून १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी नियमाने ते बंद झाले. तरी १९८५ची रंगसंगती आणि खाली दिमाखात फूटबोर्ड असे मॉडेल अजून दिसते. अल्को कंपनीच्या इंजिनांचेही तसेच. एस-२ आणि एस-४ वरून जुळ्यांसारखी, पण एस-२च्या खाली ब्लंट पद्धतीचे चाकांचे गाडे आणि एस-४च्या खाली एएआर पद्धतीचे. नुसता नंबर बदलून एकाचे दुसरे करणाऱ्याने खाली वाकून पाहिलेलेच नसते. (आपल्या यार्डांतले डब्ल्यूडीएस-६ही अल्कोच्याच सहा सिलिंडरच्या २५१ इंजिनावर चालते, असे निरखून पाहण्याची सवय इथेही लावून घेता येईल.)

सर्वात जास्त बिघाड होतो तो जुनेपण देताना, म्हणजे वेदरिंगमध्ये. फ्लोक्विलचे रंग २०१३मध्ये बंद झाले, अ‍ॅक्रिलिक, तैलरंग आणि भुकट्या आल्या, तंत्र सोपे झाले आणि गंजाचा पूर आला. छायाचित्रात गडद गंज उठून दिसतो, हेही त्याचे एक कारण. प्रत्यक्षात राबत्या इंजिनावर आधी दिसते ती धुराड्याभोवतीची काजळी, चाकांच्या गाड्यांवर बसलेली ब्रेकची तपकिरी धूळ, डिझेल भरण्याच्या तोंडाखालचे ओघळ आणि चालण्याच्या फळीवर बुटांनी घासलेला रंग. त्यातही इतिहास वाचता यावा. १ एप्रिल १९७६ रोजी कॉनरेल कंपनीने दिवाळखोर रेल्वे कंपन्यांचा कारभार हाती घेतला, तेव्हा सगळी इंजिने लगेच रंगवणे शक्य नव्हते. जुन्या नावावर रंगाचा पट्टा मारून वर नवी अक्षरे घातली गेली. विटलेल्या रंगावरचा तो ताजा पट्टा नेमका साधणारा कलाकार मला गंजाच्या दहा उस्तादांपेक्षा मोठा वाटतो.

आणि इंजिन चालायला हवे! मॉडेलकार जॉन अ‍ॅलनचे ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचे कोडे १९७२मध्ये मॉडेल रेलरोडर मासिकात आले. मोजक्या सांध्यांवर डबे कमीत कमी वेळात लावायचे, इतकाच खेळ. तिथे इंजिन मुंगीच्या पावलाने सरकले पाहिजे. पण चार जोड्या चाकांचे हे आखूड इंजिन सांध्यातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आले की वीज तुटते आणि ते गचकन थांबते. त्यावर अरुंद बॉनेटमध्ये कपॅसिटर कोंबणे हा उपाय निघाला; मोबाइलमधल्यासारखे चिमुकले स्पीकरही तिथेच बसतात. प्रदर्शनांच्या निकालात या कामाला फारशी किंमत मिळत नाही, हा मला उघड अन्याय वाटतो. उलट पुढच्या बाजूला होजपाइपांची एवढी दाटी करतात की कपलर वळतच नाही. डबा जोडता न येणारे शंटिंग इंजिन कितीही देखणे असले तरी फसलेलेच.

नव्याने हात घालणाऱ्यांना एवढेच सांगेन: आधी एक रेल्वे, एक इंजिन क्रमांक आणि एक वर्ष ठरवा, त्या इंजिनाची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मिळवा, आणि मगच ब्लेड उचला.