मुक्त हातसंगणकाविषयीच्या अपेक्षा : एक भाषिक परीक्षण

जे यंत्र अद्याप बाजारात यावयाचे आहे, त्याच्याविषयीच्या अपेक्षा हाही परीक्षणाचा विषय होऊ शकतो. यंत्र हाती आल्यावर त्याचे गुणदोष वापरणाऱ्याला दिसतातच. परंतु ते येण्यापूर्वी त्याच्याकडून काय मागितले गेले आणि काय मागावयाचे राहून गेले, ह्यावरून मागणाऱ्या समाजाची दृष्टी कळते. हातात मावणारा, ज्याची रचना सर्वांना अभ्यासता येते आणि ज्यावर कोणालाही नवी आज्ञावली लिहून चालविता येते, अशा संगणकाला येथे ‘मुक्त हातसंगणक’ म्हटले आहे. असा संगणक येणार अशी वार्ता आली की त्यावर कोणते खेळ चालतील, कोणते सॉफ्टवेअर मिळेल, ह्याची चर्चा लगेच सुरू होते. ह्या चर्चेच्या मुळाशी एक गृहीत असते : यंत्र मुक्त केले की बाकीचे आपोआप घडून येईल. भारतात हे गृहीत सिम्प्युटरच्या निमित्ताने विशेष ठळकपणे पुढे आले. मराठीच्या दृष्टीने, आणि त्यातही परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने, ते कितपत टिकते हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे अध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर ह्या कंपनीतील विनय देशपांडे प्रभृती अभियंते ह्यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन झाला. एप्रिल २००१ मध्ये यंत्राचा नमुना जाहीर करण्यात आला. साधा, स्वस्त, बहुभाषी आणि लोकांचा, ही चार विशेषणे त्याच्या नावातच गुंफलेली होती. यंत्र लिनक्सवर चालत असे. पडद्याला स्पर्श करून त्याला आज्ञा देता येत. अपेक्षित किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास होती. एका गावात एकच यंत्र असावे आणि प्रत्येक वापरणाऱ्याने आपली माहिती स्वतःच्या स्मार्ट कार्डावर बाळगावी, अशी योजना होती. यंत्राची रचना विशिष्ट परवान्याखाली खुली ठेवण्यात आली. उत्पादकाने केलेल्या सुधारणा काही मुदतीनंतर सर्वांना उपलब्ध व्हाव्यात, असा त्या परवान्याचा आशय होता. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी ‘ध्वनी’ नावाची आज्ञावली तयार करण्यात आली. ती प्रथम हिंदी व कन्नड ह्या भाषांसाठी रचलेली होती.

हा संकल्प उदात्त होता ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. भारतीय भाषांचा विचार यंत्राच्या जन्मापासूनच व्हावा, हे म्हणणे त्या काळी धाडसाचेच होते. परंतु ‘बहुभाषी’ हे विशेषण कोणाचे, हा प्रश्न तेव्हा पुरेशा गंभीरपणे विचारला गेला नाही. पडदा, प्रक्रियक आणि विद्युत्‌घट हे यंत्राचे घटक आहेत. एकदा बसविले की ते प्रत्येक नगात असतात. भाषा ह्या अर्थाने यंत्राचा घटक नव्हे. प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र नियम, स्वतंत्र शब्दसंग्रह व स्वतंत्र ध्वनिमुद्रणे कोणीतरी तयार करावी लागतात. हे काम अभियंत्याचे असते त्याहून अधिक भाषाभ्यासकाचे असते. यंत्राची रचना खुली केल्याने हे काम करण्याचा मार्ग मोकळा होतो, पण काम होत नाही.

मराठीपुरती उदाहरणे घेतली तर हा भेद स्पष्ट होईल. ‘चार’ हा संख्यावाचक शब्द तालव्य चकाराने उच्चारला जातो. ‘गुरांना चारा चार’ ह्या वाक्यातील ‘चारा’ व ‘चार’ ह्या दोहोंतील चकार मात्र दंततालव्य आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हा ‘जगणे’ ह्या धातूचा आज्ञार्थ ह्यांतही हाच फरक आहे. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. मराठी भाषिक तो अर्थावरून ओळखतो. वाचन करणाऱ्या यंत्राला मात्र त्यासाठी शब्दांची यादी आणि वाक्यातील कार्य ओळखण्याचे नियम पुरवावे लागतात. हिंदीसाठी रचलेल्या व्यवस्थेत हे नियम असण्याचे कारणच नाही, कारण हिंदीत चकाराचा असा द्विविध उच्चार नाही. ‘ध्वनी’ मुक्त असल्यामुळेच पुढे इतर कार्यकर्त्यांना तिचा विस्तार करता आला आणि तीत मराठीचाही समावेश झाला, हे मुक्ततेच्या बाजूने प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पण हे पुढे झाले. यंत्राबरोबर झाले नाही.

लेखनाच्या बाजूलाही अशीच स्थिती होती. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत : एक गुरूला उद्देशून, दुसरा स्वयंपाक्याला. हा भेद रफार आणि अर्धा र ह्यांच्या वेगळ्या चिन्हांवर अवलंबून असतो. अक्षरवळण करणाऱ्याला मराठी ठाऊक नसेल तर दुसरे चिन्ह गळून पडते आणि गुरू व स्वयंपाकी एकच होतात. ‘ॲ’ ह्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. मराठी वर्णमाला, तिचा क्रम आणि ‘ल’ व ‘श’ ह्यांची मराठी वळणे ह्यांविषयीचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय निघाला तो नोव्हेंबर २००९ मध्ये. म्हणजे सिम्प्युटरविषयी आशा बाळगली जात होती त्या काळात मराठीची स्वतःची घडीही संगणकाच्या दृष्टीने नीट बसलेली नव्हती. यंत्राकडून बहुभाषित्वाची अपेक्षा करणाऱ्यांनी भाषेची ही तयारी तपासून पाहिली नाही.

आता परभणी जिल्ह्याची कसोटी लावून पाहावी. जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, पालम ह्या तालुक्यांतील शेतकरी किंवा शेतमजूर स्त्री हीच अशा यंत्राची अभिप्रेत वापरणारी व्यक्ती होती. ह्या भागात ‘काय करतो आहेस?’ असे सहसा कोणी विचारीत नाही; ‘काय करायलास?’ असे विचारतात. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात असल्यामुळे कारभाराच्या बोलण्यात उर्दूची छाया अद्याप आहे. जुन्या जमिनीच्या कागदाला ‘खासरा’ म्हणणारी माणसे येथे भेटतात. मुसलमान कुटुंबांत दखनी बोलली जाते. जिंतूर तालुक्यातील तांड्यांवर बंजारा बोली घरची भाषा आहे, आणि तिला स्वतःची रूढ लिपी नाही. ज्या यंत्राने निरक्षराशी बोलावयाचे आहे, त्याने ह्यांपैकी कोणत्या भाषेत बोलावे?

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. प्रत्येक बोलीसाठी स्वतंत्र व्यवस्था करणे खर्चाचे आहे. प्रमाण मराठी सर्वांना समजते. शाळा, वृत्तपत्र आणि आकाशवाणी ह्यांचे काम तिच्यावरच चालते. साक्षर वापरणाऱ्यापुरता हा आक्षेप मान्य करावयास हरकत नाही. परंतु सिम्प्युटरची प्रतिज्ञा निरक्षरासाठी होती. प्रमाण भाषेशी माणसाचा दाट परिचय होतो तो मुख्यतः शाळेतून आणि वाचनातून. ज्याला ही दोन्ही दारे बंद राहिली, त्याच्यासाठीच आवाजाची सोय करावयाची होती. तेव्हा बोलीचा प्रश्न ज्या ठिकाणी सर्वांत कमी महत्त्वाचा मानला गेला, नेमक्या त्याच ठिकाणी तो सर्वांत अधिक महत्त्वाचा होता.

यंत्राचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. पिकोपेटा व भारत इलेक्ट्रॉनिक्स ह्यांनी २००४ मध्ये ‘अमिडा’ ह्या नावाने ते बाजारात आणले. किंमत सुमारे दहा हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंत होती. हात कलता केला की तो कल ओळखण्याची सोय त्यात होती. पुढे अनेक वर्षांनी फोनवरील खेळांत लोकप्रिय झालेली ही युक्ती येथे आधीच आली होती. तरी पन्नास हजारांच्या अपेक्षेसमोर विक्री सुमारे चार हजारांवर थांबली. यंत्राचा उपयोग झाला त्यांत गोव्यातील डेम्पो उद्योगाने खनिज लोखंडाच्या वाहतुकीची नोंद ठेवण्यासाठी आणि मुंबईत महिंद्र अँड महिंद्र कंपनीने मोटारींच्या इंजिनांची तपासणी करण्यासाठी केलेला वापर ही उल्लेखनीय उदाहरणे आहेत. दोन्ही उपयोग उत्तम आहेत. पण त्यांत भाषेची गरज अत्यल्प आहे. अंक, संकेत आणि ठरावीक नोंदी एवढ्यावर ते भागतात. भाषेवाचून जे चालते ते चालले.

अपयशाची कारणे म्हणून किंमत आणि स्वस्त होत गेलेले मोबाइल फोन ह्यांचा निर्देश केला जातो. ती कारणे खरी आहेत, पण पुरेशी नाहीत, असे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. इंग्लंड व जर्मनीतील काही उत्साही मंडळींनी ‘पँडोरा’ नावाचा मुक्त हातसंगणक तयार करण्याचे ठरविले. ३० सप्टेंबर २००८ रोजी त्याची आगाऊ मागणी घेण्यास प्रारंभ झाला आणि पहिल्या तुकडीत ४००० यंत्रे करण्याचे ठरले. त्याच वर्षअखेर मिळावयाची यंत्रे प्रत्यक्षात मे २०१० पासून मिळू लागली. हा संगणकही स्वस्त नव्हता आणि फोनची स्पर्धा त्यालाही होती. तरीही त्याच्यासाठी खेळ व सॉफ्टवेअर ह्यांची उणीव पडली नाही. यंत्र ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच ते तयार करण्याचे काम सुरू झाले होते.

संख्या जवळजवळ सारखी असताना हा फरक का पडला? पँडोराची वाट पाहणाऱ्यांत आज्ञावली लिहिणारे पुष्कळ होते. कोरियात निघालेल्या जीपी-३२ व जीपी-२एक्स ह्या आधीच्या यंत्रांसाठी लिहिलेला मोठा साठा त्यांच्याजवळ होता. जुन्या खेळयंत्रांची नक्कल करून त्यांवरील खेळ नव्या यंत्रावर चालविणाऱ्या आज्ञावल्या होत्या. लिनक्सवरील मुक्त सॉफ्टवेअर होते. आणि हे सर्व ज्या भाषेत होते, ती संगणकाची रूढ भाषा असल्यामुळे भाषेचा प्रश्न त्यांना पडलाच नाही. म्हणजे तेथे मुक्त यंत्राने साठा निर्माण केला नाही. आधीच्या साठ्याला मुक्त यंत्राने वाट करून दिली. सिम्प्युटरच्या अपेक्षेत हा कार्यकारणभाव उलटा धरला गेला होता.

मराठीजवळ असा साठा का नव्हता, हे एका साध्या खेळावरून दाखविता येते. गावाच्या नावांच्या भेंड्या मराठी मुलाला शिकवाव्या लागत नाहीत. ‘परभणी’ असे एकाने म्हटले की दुसरा ‘णी’ हे अक्षर घेतो, आणि मराठीत णकाराने शब्द आरंभत नाही म्हणून ‘न’वर जातो. हा खेळ संगणकाला शिकवावयाचा झाल्यास काय होते? संगणकाच्या साठवणीत ‘णी’ हे एक चिन्ह नसते. ‘ण’ आणि ईकाराची वेलांटी अशी दोन चिन्हे असतात. शेवटचे चिन्ह मागितले तर नुसती वेलांटी हाती येते. शब्दकोड्याची गत तीच. ‘स्त्री’ हे मराठी वाचकाला एक अक्षर आहे आणि ते एका चौकोनात बसते. युनिकोडच्या सर्वसाधारण विभाजननियमांप्रमाणे मात्र त्याचे तुकडे पडत असत. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम तेथे २०२३ मध्ये आला. ‘अक्षर’ म्हणजे काय हे पाच वर्षांच्या मराठी मुलाला कळते. यंत्रांच्या जागतिक प्रमाणाला ते कळावयास इतकी वर्षे लागली. मग मराठी खेळ आपोआप निर्माण होतील ही अपेक्षा कशाच्या बळावर केली गेली?

खेळाचा हा मुद्दा किरकोळ मानण्याचे कारण नाही. भूमिलेख, बाजारभाव आणि पीकसल्ला ह्या उपयुक्त गोष्टींपुढे खेळ हा करमणुकीचा भाग म्हणून मागे ठेवण्याची प्रवृत्ती सुधारकांत असते. वस्तुतः नव्या यंत्राची भीती खेळातून मोडते, आणि आज्ञावली लिहिण्याची पहिली इच्छाही अनेकदा खेळातूनच होते. पँडोरामागील मंडळी खेळणारी होती म्हणून ती घडविणारी झाली. ज्या भाषेत मूल खेळू शकत नाही, त्या भाषेत ते पुढे यंत्र घडवील हे संभवत नाही.

आज परभणी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत हातात मावणारा संगणक फोनच्या रूपाने पोहोचला आहे. तो सिम्प्युटरच्या अर्थाने मुक्त नाही, तरी मराठी दाखविण्याची त्याची क्षमता २००१ च्या मानाने कितीतरी अधिक आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ ह्या मुक्त संग्रहात स्वयंसेवकांनी वाचलेली मराठी वाक्ये जमा होत आहेत. उणीव आहे ती बोलींच्या साठ्याची. वाचून दाखविलेल्या वाक्यांतून प्रमाण मराठीच अधिक मिळते, ‘काय करायलास?’ हे वाक्य वाचून दाखवावे म्हणून कोणी लिहून देत नाही. ते चावडीवर, शेतात आणि आठवडी बाजारात जाऊन ध्वनिमुद्रित करावे लागते, त्याचे लिप्यंतर करावे लागते, आणि बोलणाऱ्याची संमती घेऊन ते मुक्त परवान्याखाली ठेवावे लागते.

हे काम यंत्र बनविणारा करणार नाही, आणि त्याने ते न केल्याबद्दल त्याला दोष देणेही न्याय्य नाही. ते मराठी व भाषाविज्ञान ह्या विभागांचे काम आहे. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विद्यार्थी बोलीची सामग्री गोळा करतात. ती प्रबंधाच्या परिशिष्टात बंद राहिली तर तिचा उपयोग परीक्षेपुरता होतो. तीच सामग्री यंत्राला वाचता येईल अशा रूपात मुक्त ठेवली तर पुढचा हातसंगणक, तो कोठेही निघो, परभणीत आल्यावर मुका राहणार नाही. सिम्प्युटरच्या कर्त्यांनी आपल्या वाट्याचे काम खुले करून दाखविले होते. भाषेच्या अभ्यासकांनी आपल्या वाट्याचे खुले केले किंवा कसे, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. पुढील यंत्राची वार्ता येण्यापूर्वी तो विचारला जाणे अगत्याचे आहे.